फाइव्ह गो ऑफ टु कॅम्प : तंबू, भुताची ट्रेन आणि रेशनच्या काळातलं लोणी

सरळच सांगते. एनिड ब्लायटन या इंग्रज लेखिकेची फेमस फाइव्ह ही मुलांच्या रहस्यकथांची मालिका २१ पुस्तकांची आहे, १९४२ ते १९६३ मधली, आणि त्यातली निम्मी नंतर डोक्यात एकमेकांत मिसळून जातात, भुयार कुठल्यात होतं, बेट कुठल्यात, पळवून नेलेला मुलगा कुठल्यात, काही सांगता येत नाही. पण सातवं पुस्तक, १९४८ सालचं 'फाइव्ह गो ऑफ टु कॅम्प', हे तसं होत नाही. कोणी विचारलं की मुलीला किंवा मुलाला या मालिकेतलं एकच घेऊन द्यायचंय, कुठलं देऊ, तर मी हेच सांगते. का ते लिहिते, लांबेल जरा, आणि वाईट बाजू पण लिहिणारे कारण त्या आहेतच.

गोष्ट अशी. ज्युलियन, डिक आणि अ‍ॅन ही सख्खी भावंडं, त्यांची चुलत बहीण जॉर्जिना जिला जॉर्ज म्हटलेलं चालतं आणि जॉर्जिना म्हटलं की ती उत्तरच देत नाही, आणि तिचा कुत्रा टिमी. सुट्टी लागलीये, दोन तंबू आणलेत, स्लीपिंग बॅग्ज आल्यात, आणि ही सगळी गँग मूरवर म्हणजे इंग्लंडमधल्या उघड्या माळरानावर कॅम्पिंगला चाललीये. कोकणातला सडा डोळ्यांपुढे आणा, झाडं नाहीत, वारा भरपूर, पायाखाली खुरटी झुडपं, फक्त थंडी जास्त. आईवडील बरोबर येत नाहीत, त्यांच्याऐवजी येतात मिस्टर लफी, मुलग्यांच्या शाळेतले सर.

हे लफी सर म्हणजे पुस्तकातलं माझं सगळ्यात लाडकं पात्र. भुवया झुपकेदार, एक कान हलवता येतो (एकच!), आणि डोक्यात चोवीस तास किडे. म्हणजे खरोखरचे किडे, पतंग, भुंगे, फुलपाखरं. ते तंबू मुलांपासून जरा लांब लावतात आणि आपल्या किड्यांमागे निघून जातात. आता लहान मुलांची रहस्यकथा लिहिताना सगळ्यात मोठी अडचण कुठली असते तर मोठ्यांचं करायचं काय. मोठे जवळ असले तर पहिल्याच रात्री "झोपा आता" म्हणून गोष्ट संपवतील, आणि मोठे अजिबातच नसले तर वाचणाऱ्या आईबापांच्या पोटात गोळा येणार. ब्लायटनबाईंनी काय केलंय, मोठा माणूस दिलाय, चांगला दिलाय, जबाबदारही आहे, पण त्याचं लक्ष भुंग्यात. लेकीला वाचून दाखवताना ती म्हणाली, "आई, आम्हाला असे सर का नाहीत गं?" मी म्हटलं, बाई, तुमच्या सरांना सत्तर पोरं सहलीला न्यायची असतात, त्यांनी भुंगे बघितले तर बस सुटेल.

पुस्तक वेग घेतं ते तिसऱ्या प्रकरणात. अ‍ॅन, सगळ्यात धाकटी आणि थोडी घाबरट, माळावर एका जागी निवांत बसलीये. अचानक खालून गुरगुर ऐकू येते, जमीन हादरते, आणि जवळच जमिनीतून धूर वर येतो. ती किंचाळत पळते, ज्वालामुखी आहे म्हणते. मुलगे अर्थातच हसतात. मग कळतं की खालून रेल्वेचा बोगदा जातो आणि धूर बाहेर पडायला वर झरोके ठेवलेत, ते झुडपांत लपलेत. एवढंच. पण हा प्रसंग वाचताना माझ्या लेकीने पाय सोफ्यावर घेतले होते, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो तरीही.

आणि हे नुसतं गंमत म्हणून टाकलेलं नाहीये, पुढचं सगळं रहस्य या धुरावर उभं आहे. मला हे फार आवडलं. वाफेच्या इंजिनाच्या काळात बऱ्याच लांब बोगद्यांना वरून मोठाल्या विहिरींसारखे झरोके असायचे, नाहीतर धुराने ड्रायव्हर आणि पॅसेंजर दोघंही गुदमरले असते. इंग्लंडमध्ये लंडन ते बर्मिंगहॅम लाइनवर किल्सबीचा बोगदा आहे, १८३८ चा, त्याच्या झरोक्यांवर विटांचे गोल बुरूज बांधलेत आणि ते आजही शेतात उभे आहेत, लांबून बघणाऱ्याला छोटा किल्लाच वाटेल. म्हणजे माळावर बसलेल्या पोरीच्या शेजारी जमिनीतून धूर येणं ही कल्पना हवेतली नाही, त्या देशात कुणा पोराने खरंच बघितलेली असणार. आपल्याकडच्या मुलांना हे समजावणं पण सोपंय. कर्जतहून वर लोणावळ्याकडे जाताना बोगदे मोजत जाणं हा प्रत्येक पोराचा धंदा असतो, आणि कोकणात जाणाऱ्यांना रत्नागिरीजवळचा करबुडेचा बोगदा माहीत असतो, साडेसहा किलोमीटरचा, संपतच नाही तो. मी लेकीला विचारलं, करबुड्याच्या बरोब्बर वर डोंगरावर तू तंबू लावला असतास तर? ती बराच वेळ गप्प होती. तिच्या बाबतीत ही बातमी आहे.

तर पुढे. माळाखाली दोन बोगदे आहेत, एकातून गाड्या अजून धावतात आणि दुसरा बंद पडलाय, वर्षानुवर्षं वापरात नाही, त्याच्या तोंडाशी एक ओसाड रेल्वे यार्ड आहे, ऑलीज यार्ड. रूळ गंजलेत, डबे कुजलेत, आणि तिथे एकटा एक म्हातारा पहारेकरी, लाकडी पायाचा सॅम. सॅम मुलांना बघून आधी ओरडतो आणि मग सांगतो की रात्री इथे भुताची ट्रेन येते. दिवे नाहीत, माणूस नाही, आपोआप बोगद्यातून बाहेर येते आणि आपोआप परत आत जाते. आता एक सांगते, असल्या गोष्टी आपण लहानपणी शंभर ऐकल्यात, वडाखाली कोण आणि विहिरीपाशी कोण, पण भूत म्हणून अख्खी ट्रेन ही कल्पना मी तरी आधी ऐकली नव्हती. आणि ट्रेन असल्यामुळे एक भारी गोष्ट होते, भुताला वाटेल तिथे जाता येत नाही. त्याला रुळांवरूनच जावं लागतं. एका टोकाने आत गेलं तर दुसऱ्या टोकाने बाहेर यायलाच हवं.

मुलं बरोब्बर तिथेच पकडतात. जवळच्या फार्मवर राहणारा जॉक नावाचा मुलगा त्यांचा दोस्त होतो, आणि एका रात्री तो, ज्युलियन आणि डिक यार्डाकडे जातात. ट्रेन येते, खरंच येते, काळोखात घरंगळत. परत बोगद्यात जाते. मग जॉक माळावरून पळत पळत दुसऱ्या टोकाला जाऊन थांबतो, बाहेर येते का बघायला. येत नाही. आत गेली आणि बाहेर आलीच नाही. मग गेली कुठे?

इथे मी पुस्तक मिटलं आणि लेकीला कॅलेंडरचं फाटलेलं पान आणि पेन दिलं. तिने इंग्रजी वाय अक्षरासारखा बोगदा काढला, कारण गोष्टीतल्या नकाशात बोगद्याला आत फाटा फुटतो असं येतं, एक तोंड किल्टीज यार्डाकडे (जॉक थांबलेला तिथे) आणि दुसरं रोकर्स व्हेलकडे, आणि त्यातली एक बाजू विटांनी बुजवलेली. तिने बुजवलेल्या जागी रेघा मारून भिंत काढली, मग पेन तोंडात घालून बराच वेळ बसली, मग भिंतीवर प्रश्नचिन्ह काढलं. बरोब्बर तिथेच. मी काही बोलले नाही, तोंडावर पण काही येऊ दिलं नाही, जे मला जमत नाही सहसा. मुलांच्या रहस्यकथेत मला हेच हवं असतं, की जे गोष्टीतल्या पोरांना कळतं तेवढंच वाचणाऱ्या पोराला पण कळलंय आणि त्याला स्वतः डोकं चालवून पुढे जाता येतंय. बऱ्याच पुस्तकांत काय होतं, शेवटी कोणीतरी काका येऊन सगळं समजावून सांगतात आणि आधी जे लपवलेलं असतं ते एकदम बाहेर काढतात, ती फसवणूक आहे. इथे फसवणूक नाही. झरोका, फाटा, भिंत, पलीकडे न पोचणारी गाडी, सगळं समोर मांडलेलं आहे.

आता थोडं फोडणारे, ज्यांना नको त्यांनी हा आणि पुढचा पॅरा सोडा. भुताच्या ट्रेनमधून काय नेतात? माल. काळ्याबाजाराचा माल. आणि इथे हे पुस्तक माझ्यासाठी एकदम वेगळं झालं, कारण सोने-हिरे-खजिना-गुप्त फॉर्म्युले हे सगळं या मालिकेत इतर ठिकाणी आहे, पण काळाबाजार म्हणजे त्या वर्षीची खरीखुरी गोष्ट. १९४८ मध्ये इंग्लंड युद्ध जिंकून तीन वर्षं झाली तरी रेशनवर जगत होतं. पाव, जो युद्ध चालू असताना सुद्धा रेशनवर नव्हता, तो जुलै १९४६ मध्ये रेशनवर गेला आणि जुलै १९४८ ला सुटला. चॉकलेट-गोळ्या फेब्रुवारी १९५३ पर्यंत आणि मटण वगैरे मांस थेट जुलै १९५४ पर्यंत. म्हणजे ज्या पोरांनी हे पुस्तक नवंकोरं विकत घेऊन वाचलं त्यांच्या घरात आई कुपनं मोजत होती, आणि कोणीतरी मागच्या दाराने साखर विकतोय हे त्या पोरांना व्यवस्थित माहीत होतं. त्याच वर्षी १ जानेवारीला ब्रिटिश रेल्वे सरकारी झाली, तर रेल्वे पण रोजच्या बोलण्यात असणार. मुलांच्या भीतीसाठी भूत आणि भुताच्या आत मोठ्यांच्या रोजच्या चर्चेतला विषय. बाईंनी कितपत ठरवून केलं कोण जाणे, त्या भराभर लिहायच्या, पण जमलंय जबरदस्त.

आमच्या सासूबाईंना मी हा भाग सांगितला तर त्या लगेच सुरू झाल्या. मुंबईत रेशनिंग १९४३ पासून, त्यांच्या आईने सांगितलेलं सगळं त्यांच्या लक्षात आहे, मिलोचं लाल ज्वारीसारखं धान्य त्यांनी स्वतः पुढे खाल्लेलं, रॉकेलची रांग, साखर लग्नासाठी वेगळी मागावी लागायची, काळ्याबाजारवाल्याचं घर सगळ्या वाडीला माहीत असायचं आणि तरी कोणी बोलायचं नाही कारण बारशाला साखर तिथूनच यायची. लेक आ वासून ऐकत होती. "म्हणजे आजी, तुम्ही पण चोरांकडून घ्यायचात?" यावर सासूबाईंनी जे तोंड केलं ते बघण्यासारखं होतं. मग म्हणाल्या, "अगं, तो चोर नव्हता, तो वाणी होता." तर पुस्तकाचा हा एक फायदा, घरातल्या आजी-आजोबांकडून असलं काही बाहेर पडतं.

आणि याच काळात लिहिलेलं म्हणून यातलं खाणं जास्त मजेशीर वाटतं. फेमस फाइव्ह म्हटलं की लोकांना खाणंच आठवतं. इथे जॉकच्या आईचं फार्म आहे, ती बाई काय काय देते, लोणी, अंडी, हॅम, टोमॅटो, घरचा केक, जिंजर बिअर (यात दारू नसते हो, आल्याचं सरबतच, प्रत्येक आई एकदा विचारते म्हणून सांगितलं). पानंच्या पानं खातात पोरं. आज वाचताना वाटतं काय हे, दर दोन पानांना जेवण. पण ज्या पोराला आठवड्याला मोजून लोणी मिळत होतं त्याने हे कसं वाचलं असेल. आपल्याकडे गोष्टीत राजपुत्राला सोन्याचं ताट मिळतं, त्यांना लोणी मिळत होतं.

बरं आता ज्या गोष्टी खटकतात.

पहिली आणि मोठी, ज्युलियन. ज्युलियन हा मुलगा मला आधी पण आवडायचा नाही आणि आता आई झाल्यावर तर अजिबातच नाही. तो सगळ्यांचा बॉस, तो ठरवणार कोण येणार आणि कोण थांबणार. रात्री ट्रेन बघायला मुलगे जातात, मुलींना नाही नेत. कारण काय, अ‍ॅनला भीती वाटते म्हणून ती नको, आणि अ‍ॅन एकटी नको म्हणून जॉर्ज पण नको. जॉर्ज भडकते, आणि भडकायलाच पाहिजे. पुस्तकात तिच्या रागाला जरा हट्टीपणा, तुसडेपणा असं दाखवलंय, बाकीचे तिची समजूत घालतात वगैरे. माझी लेक वाचता वाचता ओरडली, "अरे पण ती बरोबर आहे ना!" मी म्हटलं हो, बरोबर आहे. भांडी कोण घासतं तर अ‍ॅन, सामान कोण लावतं तर अ‍ॅन, आणि वर तिला ते फार आवडतं असं पुन्हा पुन्हा सांगितलंय. आवडत असेल, पण डिकला विचारून तरी बघा कधी.

पण, आणि हे मला दुसऱ्या वाचनात दिसलं, गोष्ट स्वतः ज्युलियनच्या बाजूने नाहीये. तो बोलतो काय आणि घडतं काय ते बघा. मुलगे रात्री धडपडून जे शोधत असतात ते शेवटी सापडतं कुणाला, तर रागावून टिमीला घेऊन एकटीच निघालेल्या जॉर्जला. आणि मुलगे अडकतात तेव्हा मदत कोण आणतं, तर तीच अ‍ॅन जिला भित्री म्हणून तंबूत ठेवलेलं. बोलताना सगळा मान ज्युलियनला आणि काम करताना पोरी पुढे. बाईंनी हे ठरवून केलं की आपोआप झालं यावर मी आणि माझी बहीण फोनवर वाद घालत बसलो होतो, तिचं म्हणणं आपोआप, माझं म्हणणं एवढं नेमकं आपोआप होत नाही. काहीही असो, पोरीला वाचून दाखवताना हा मुद्दा हातात ठेवा, उपयोगी पडतो. "ज्युलियनने काय सांगितलेलं आणि झालं काय?" एवढा प्रश्न पुरे.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे सेसिल. जॉकच्या सावत्र वडिलांना, मिस्टर अँड्र्यूजना, जॉक या कॅम्पवाल्या पोरांत मिसळलेला नकोय, म्हणून ते त्याच्यासाठी एक दुसरा मुलगा खेळायला आणतात, सेसिल डिअरलव्ह. नीटनेटका, शांत, मऊ मऊ बोलणारा. त्याची पुस्तकभर टिंगल. जॉकला त्याच्याबरोबर नवे कपडे घालून बसावं लागतं ते प्रसंग विनोदी आहेत, मी हसले, खोटं कशाला बोलू. पण सेसिलने केलं काय? काहीच नाही. बोलावलं म्हणून आला बिचारा. वर्गात असा एक सेसिल असतोच आणि त्याला आपण काय करतो ते पोरांना माहीत असतं, त्यामुळे इथे थांबून बोलावं लागतं. आमच्याकडे बोलणं असं झालं की लेक म्हणाली सेसिलला पण बोगद्यात न्यायला हवं होतं, त्याला नकाशा छान काढता आला असता. हे पुस्तकात असतं तर काय मजा आली असती.

तिसरी, सावत्र वडील. सावत्र म्हटलं की संशय, ही आपल्याकडच्या पण गोष्टींची जुनी खोड. अँड्र्यूजबद्दल संशय घ्यायला पुस्तकात इतर चांगली कारणं आहेत, फार्मवर नवे ट्रक, महागडी यंत्रं, आणि कामावर ठेवलेली माणसं शेतीत अगदी कच्ची, हे जॉक स्वतः सांगतो. हे धागे मस्त आहेत, खरा गुप्तहेर हेच बघेल की पैसा आला कुठून. मग वर आणि सावत्रपणा कशाला. ज्या घरात सावत्र आई किंवा वडील आहेत आणि छान चाललंय त्यांनी आधी स्वतः वाचून मग ठरवा, एवढंच म्हणते.

लाकडी पायाच्या सॅमबद्दल मात्र माझं मत बदलत गेलं. सुरुवातीला वाटलं झालं, गरीब म्हातारा, पाय नाही, भुताखेतांवर विश्वास, टिंगलीसाठी आणलाय. पण त्याची भीती खरी आहे आणि तो एकटा आहे, आणि नीट बघितलं तर त्याने सांगितलेलं सगळं खरं निघतं. ट्रेन येते म्हणाला, येते. रात्री म्हणाला, रात्रीच येते. फक्त ती भुताची आहे एवढंच चुकलं. मोठ्या शहाण्या माणसांपेक्षा हा जास्त खरं सांगतो.

कॅम्पिंगबद्दल. हल्ली आपल्याकडे कॅम्पिंग म्हणजे पवना. रांगेने लावलेले तंबू, स्पीकर, बार्बेक्यू, सकाळी पोहे आणि चहा पॅकेजमध्ये. वाईट नाहीये, आम्ही पण जातो, आणि भंडारदऱ्याला काजवे बघायला जातात ते तर सुंदरच (गर्दी सोडून). पण लेकीच्या डोक्यात तंबू म्हणजे ज्याच्या बाहेर चार्जिंग पॉइंट असतो. पुस्तकातला तंबू म्हणजे खाली सतरंजीसारखा ग्राउंडशीट, त्याखाली झुडपांची नैसर्गिक गादी, तोंड धुवायला थंडगार ओढा, आणि दूध-अंडी संपली की फार्मपर्यंत चालत जायचं. ब्लायटनला हे बारकावे लिहायला आवडतं आणि पोरांना वाचायला पण, रहस्य सुरू व्हायच्या आधीची प्रकरणं नुसती तंबू लावणं, सामान लावणं, पहिल्या रात्री बाहेर पडून आकाश बघणं यात जातात आणि एकदाही कंटाळा येत नाही. इथे एक लक्षात घ्या, ज्या मुलांना "आधी काहीतरी होऊ दे" अशी सवय आहे त्यांना पहिली दोन प्रकरणं जरा ओढावी लागतील, ज्वालामुखी आला की मग ती ओढतील तुम्हाला.

भाषा सोपी इंग्रजी आहे, वाक्यं छोटी, संवाद भरपूर. मराठी माध्यमातली पाचवी-सहावीची मुलं थोडं अडखळत वाचू शकतात, इंग्रजी माध्यमातली तिसरी-चौथीपासून. वाचून दाखवत असाल तर सात वर्षांच्या पोरालाही चालेल, मी वाचताना अर्धं मराठीत सांगत गेले आणि काही बिघडलं नाही, जॉक तर आमच्या घरी पक्का मराठी बोलतो. रक्तपात, मारामारी असं काही नाही, बांधून ठेवणं आणि अंधार एवढंच. अंधाराची ज्यांना फार भीती आहे त्यांनी बोगद्याची प्रकरणं दिवसा वाचा.

कॉपी घेताना एक बघा. २०१० मध्ये हॉडर या प्रकाशकाने या मालिकेची भाषा "आजची" करायचा घाट घातला होता, जुने शब्द काढून नवे घातले, मदर-फादरचे मम-डॅड झाले वगैरे. वाचकांना काही ते पचलं नाही आणि २०१६ मध्ये त्यांनी ते मागे घेऊन परत जुनी भाषा आणली. सेकंडहँड घेतलंत तर कुठलं हातात येईल सांगता येत नाही, दोन पानं वाचून बघा. मला जुनीच आवडते, कारण १९४८ ची पोरं १९४८ सारखी बोलली पाहिजेत, नाहीतर मग वाफेचं इंजिन पण काढा आणि मेट्रो घाला. चित्रं मूळची आयलीन सोपर या चित्रकर्तीची, सगळ्या २१ पुस्तकांना तिनेच काढली, साध्या रेघांची, वाऱ्याने उडणारे केस आणि धावणारा टिमी, ती आत असतील अशी आवृत्ती मिळाली तर उत्तम, फक्त मुखपृष्ठ चकचकीत आणि आत काहीच नाही अशा पण आवृत्त्या दिसल्या मला. ऑनलाइन मागवलेल्या आमच्या कॉपीचा कोपरा चेपून आला आणि मधली पानं दोन महिन्यांत सुटायला लागली, विकणाऱ्याला लिहिलं तर "रिटर्न विंडो क्लोज्ड". त्यामुळे शक्यतो दुकानात हातात घेऊन बघा. मुंबईत फोर्टला किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या कॉप्या निघतात, त्यांची बांधणी कित्येकदा नव्यापेक्षा बरी असते.

"आपलं फास्टर फेणे असताना हे कशाला" असं विचारणारे असतातच म्हणून तेही. दोन्ही वाचा हो. भा. रा. भागवतांचा बन्या फुरसुंगीचा, हडकुळा, एकटा, सायकलवर, स्वतःच संकटात उडी मारणारा, ट्टॉक करणारा, त्याच्यामागे ना हॅम ना केक. आणि त्याच्या गोष्टी पळत्या असतात, पानावर पान घटना. ब्लायटनचं वेगळं, ती आधी जागा बसवते, माळ, फार्म, यार्ड, बोगदा, आणि मग त्या जागेतूनच रहस्य बाहेर काढते. माझ्या मते या पुस्तकात ते सगळ्यात चांगलं जमलंय, बाकीच्या वीसपैकी बऱ्याच ठिकाणी जागा नुसती मागे लावलेल्या पडद्यासारखी वाटते.

पाचपैकी चार देईन. एक कापला तो ज्युलियन आणि सेसिल दोघांत अर्धा-अर्धा. मालिका क्रमाने वाचायची गरज नाही, हे पहिलं वाचलं तरी सगळं कळतं, कोण कोणाचं कोण ते सुरुवातीलाच येऊन जातं. यानंतर लगेच आठवं, १९४९ चं 'फाइव्ह गेट इनटू ट्रबल' आणू नका, त्यात ज्युलियन अजून बॉसगिरी करतो, थोडं थांबा. असंच बाहेर मुक्कामाचं हवं असेल तर पाचवं, कॅरॅव्हॅनवालं (म्हणजे चाकांवरचं घर), ते बरं आहे, त्यात सर्कस आणि एक चिंपांझी आहे आणि आमच्याकडे सध्या तेच चालू आहे.